बंदुकीला फोडणी!

ऐकलंत का वहिनी? तिकडे अमेरिकेत बंदुकीला तळणीचं तेल लावतात! हो हो, आपण भजी काढतो ना, तसलंच. मी चहाडी करत नाहीये, प्रकरण कोर्टात जाऊन आलंय.

फायरक्लीन नावाचं एक बंदुकीचं तेल आहे. इवलीशी बाटली आणि किंमत अत्तराची. २०१५ साली कुजबुज सुरू झाली की हे तेल म्हणजे दुसरं तिसरं काही नसून क्रिस्को. क्रिस्को म्हणजे तिकडचा डालडा हो! १९११ साली सरकीच्या तेलाचा घट्ट गोळा म्हणून बाजारात आला, पुढे त्याच नावाची पातळ तेलंही निघाली. झालं! कुणीतरी दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत धाडले, इन्फ्रारेडचे आलेख काढून आणले आणि एकमेकांशेजारी ठेवले. जुळ्या बहिणी शोभाव्यात असे आलेख! कंपनी खवळली. आमचं तेल क्रिस्को नव्हे, म्हणाली, आणि २०१६त व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टात हे आलेख मांडणाऱ्यांवर मानहानीचा दावा ठोकला. न्यायाधीशांनी तेलात बोटसुद्धा न बुडवता सांगितलं, हे प्रतिवादी आमच्या हद्दीत बसत नाहीत, दावा फेटाळला. म्हणजे बाटलीत काय हा प्रश्न तिथे राहिला तसाच. मजा अशी, की कंपनीच्या स्वतःच्याच पेटंटाच्या कागदांत वनस्पती तेलांचं मिश्रण लिहिलेलं होतं. मग एवढा गहजब कशाला? तेल वनस्पतीचं आहे याचं कुणाला दुःख नव्हतं. आपण स्वयंपाकघरातली वस्तू दागिन्याच्या भावाने घेतली की काय, या शंकेनं मंडळींची झोप उडाली होती.

आणि असा गहजब माजवायला तिकडे बंदूकवाले कमी आहेत का? २०१८च्या स्मॉल आर्म्स सर्व्हेचा अंदाज आहे की अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका आहेत. माणसं तेव्हा ३३ कोटींच्या आसपास. म्हणजे तान्ह्या बाळाच्या वाटणीलाही एक, वर उरतात त्या वेगळ्याच. तेवढ्या सगळ्यांना तेलपाणी नको?

खरं सांगायचं तर स्वयंपाकाचं तेल बंदुकीत मला मुळीच मान्य नाही. शिष्टपणा नाही हा. तुमच्या कढईच्या बाहेरच्या कडेला तो तपकिरी, नखानेही न निघणारा चिकट थर बसतो ना? हवेतला ऑक्सिजन शोषून तेल असं घट्ट होत जातं. जवसाचं तेल तर इतकं छान वाळतं की बंदुकीच्या लाकडी दस्त्याला ते मुद्दाम चोळतात. दस्त्यावर ती झिलई, पण आतल्या चापाच्या सांध्यात तीच झिलई म्हणजे डिंक! दर आठवड्याला गोळ्या झाडणाऱ्याचं निभावेलही, पण कपाटात वर्षभर पडलेली बंदूक ऐनवेळी हूं की चूं करणार नाही. खोबरेलाचं तर नावच नको. थंडीत आपली बाटली उन्हात ठेवावी लागते, मिनेसोटाच्या जानेवारीत त्याचं काय होईल?

एका पंथाला मात्र हसू नका. जुन्या काळ्या दारूची, तोंडाकडून भरायची पिस्तुलं हौसेनं उडवणारे लोक आहेत. ते रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक घरात गोळी बसवली की वरून बोटभर क्रिस्को थापतात. एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरून सगळा बार एकदम उडू नये म्हणून! शिवाय काळ्या दारूच्या काजळीत खनिज तेल मिसळलं की डांबर होतं, चरबी आणि वनस्पती तेलानं ती मऊ राहते. तिथे डालडाच शास्त्रशुद्ध, बोला. (बंदुकीच्या चरबीवरून आपल्याकडे १८५७ साली काय रामायण झालं ते वेगळं सांगायला नको. सरकारनं नंतर शिपायांना काडतुसांना हवं ते वंगण लावा म्हणून मुभा दिली, पण तोवर वेळ गेलेली होती.)

आता खरं कुलंगडं ऐका. गाडीच्या गिअरबॉक्समधलं लाल तेल! एड हॅरिस नावाच्या गृहस्थानं नव्वदच्या दशकात एक नुसखा काढला आणि तो इतका पसरला की त्याचं नावच पडलं 'एड्स रेड'. ऑटोमॅटिक गाडीच्या ट्रान्समिशनचं तेल, रॉकेल, मिनरल स्पिरिट आणि ॲसिटोन, चौघे समसमान. गॅलनभर मिसळून ठेवा, वर्षानुवर्षं पुरतं. ऐकायला दारूच्या भट्टीसारखं वाटतं ना? पण कुळ बघा. ज्युलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्यानं आपल्या 'हॅचर्स नोटबुक'मध्ये फ्रँकफर्ड आर्सेनलचं एक जुनं मिश्रण दिलं होतं, त्याचीच ही नवी आवृत्ती. जुन्या मिश्रणात टर्पेंटाइन होतं आणि चक्क स्पर्म व्हेलचं तेल! पूर्वी ट्रान्समिशनच्या तेलातही हेच व्हेलचं तेल घालत. १९७०च्या दशकात व्हेलला संरक्षण मिळालं आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधावा लागला. तो पर्याय आज लाल रंगात डब्यात येतो. तेव्हा गिअरचं तेल बंदुकीत घालणारा गडी वेडा नाही, घराण्याची रीत पाळतोय. फक्त ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते आणि दस्त्याचं जुनं पॉलिशही उतरवते. हॅरिसनं स्वतःच ते वगळलं तरी चालेल म्हटलंय. वगळतंय कोण?

इंजिनचं सिंथेटिक तेल घालणारे वेगळे. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे: इंजिनात इतकी उष्णता, काजळी, घासाघीस, तिथे जे तेल इंजिनाला लाखभर मैल टिकवतं त्याला बंदुकीच्या चार फैरींचं काय ओझं? फक्त इंजिनात पंप असतो, ओघळलेलं तेल पुन्हा वर चढवायला. बंदुकीत पंप नाही. उभी ठेवली की दोन महिन्यांनी तेल कपाटाच्या फळीवर, बंदूक कोरडी ठणठणीत आणि फळीच्या डागांवरून घरात महाभारत.

आणि डब्ल्यूडी-४०? १९५३ साली सॅन डिएगोत ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर गंज चढू नये म्हणून तयार झालेलं, पाणी हटवायचं औषध. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस. भिजलेली बंदूक कोरडी करायला ठीक, वंगण म्हणून टिकत नाही. पण बंदूकवाल्यांच्या बैठकीत हे नाव काढून बघा. जावयाचं नाव सासरी काढल्यासारखी शांतता पसरते आणि मग एकदम सगळे बोलू लागतात.

बायकांच्या वस्तूंनाही सोडलेलं नाही. काचा पुसायचं विंडेक्स नळीत फवारतात! जुन्या लष्करी गोळ्यांच्या टोपीतून बार झाल्यावर नळीत मीठ-जातीचे क्षार उरतात, ते ओल धरतात आणि नळी गंजते. मंडळींना वाटतं विंडेक्समधला अमोनिया ते क्षार मारतो. अहो, काम करतं ते त्यातलं पाणी. नळाखाली फुकट मिळतं! सोव्हिएत मोसिन-नागांत रायफली जाड चिकट कॉस्मोलीन ग्रीसमध्ये लडबडून यायच्या, तर ते वितळवायला कुणी सुटे भाग थेट ओव्हनमध्ये ठेवतं, कुणी लाकूड काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हात तापलेल्या गाडीत. आणि भांडी धुण्याच्या मशीनमध्ये बंदुकीचे भाग लावणारेही आहेत, वहिनी! शिसं असतं त्या काजळीत. संध्याकाळी त्याच रॅकमध्ये मुलांच्या ताटल्या.

वासाचंही वेड आहे बरं. १९०३ पासून विकलं जाणारं हॉपीज नंबर नाईन हे नळी धुवायचं द्रावण, त्याला पिकल्या केळ्यासारखा वास. आजोबांची आठवण येते म्हणून लोक डोळे मिटून हुंगतात. एवढी मागणी की कंपनीनं त्या वासाचं एअर फ्रेशनर काढलं, गाडीच्या आरशाला लटकवायला. म्हणजे बघा, गाडीचं तेल बंदुकीत आणि बंदुकीचा वास गाडीत!