लांबूनच सेल्फ ओळखणारे

भिवापुरात रस्त्याच्या कडेला गाडीची चावी फिरवली आणि इंजिन हललं नाही, की चहाटपरीवरून एक गृहस्थ उठतात. बॉनेट उघडायच्या आत निकाल लागलेला असतो: "सेल्फ गेला, भाऊ." निकाल आधी, तपासणी जमलं तर नंतर. बरं, माणूस मुळात उतावीळ नाही. भौगोलिक मानांकन मिळवलेल्या आपल्या गावच्या मिरचीचा भाव करताना हेच गृहस्थ ढिगात कोपरापर्यंत हात घालतात, तळाची मिरची वर काढतात, कानाशी हलवून बिया वाजतात का ऐकतात आणि मगच तोंड उघडतात. गाडीपाशी मात्र तोंड सोडून सगळी इंद्रियं रजेवर.

खरं तर अडलेली गाडी बरंच सांगत असते. हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे विझू विझू झाले आणि आतून टकटकटक सुरू झालं, तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी चढलीय. दिवे लख्ख आणि एकच ठसठशीत 'टक', तर सोलेनॉइड किंवा कार्बनवर संशय घ्यायला हरकत नाही. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, काही गाड्यांत क्लचखालचा स्विच. "हॉर्न वाजते ना, मग बॅटरी चांगलीच हाय," हा गृहस्थांचा लाडका पुरावा. पण हॉर्नचं काम चार-पाच अँपिअरमध्ये भागतं, सेल्फला शंभराच्या वर लागतात. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली बसली, तर आधी बॅटरी चार्ज करून बघावी. मल्टिमीटर काही तोफखाना नव्हे.

यावर कोणी म्हणेल, पान्याने दोन ठोके दिल्यावर गाडी सुरू झालीच ना? होते कधीकधी. झिजलेले कार्बन ठोक्याने पुन्हा कम्युटेटरला टेकतात, आणि तेवढ्या वेळी गृहस्थ बरोबर असतात. पण त्या एका यशावर ते पुढची दहा वर्षं ठोकत सुटतात. सल्ला फुकट आहे, कुणाचं काय जातं, हेही खरं नाही. टर्मिनल घासून आवळल्याने भागलं असतं, तिथे सेल्फ उतरवून नागपूरची वारी घडते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला त्याआधी बरं होतं: जास्त बोलणाऱ्याच्या हाती हँडल देता येई.

राहिला धक्का. चार पोरं गोळा करण्यात या माणसाचा हात कोणी धरणार नाही, हे मान्यच करायला हवं. सेकंड गिअर, क्लच सोडला, गाडी सुरू! "म्या म्हटलं नव्हतं?" पण धक्क्याने सिद्ध होतं ते एवढंच, की इंजिन ठीक आहे. बॅटरी, वायर, सेल्फ हे तिन्ही आरोपी पिंजऱ्यात तसेच उभे. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरूच होत नाही, तरी गृहस्थ ती पेट्रोल पंपापर्यंत ढकलायला लावतात आणि घाम पुसत म्हणतात, "आता इंजिनच उतरवा लागते."