दोरेवाले नाना

नाना मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, मुलाकडे मॅसॅच्युसेट्सला राहायला गेले, पण दहावीचं परीक्षा केंद्र काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. परवा दातांचा डॉक्टर भूल द्यायला आला, तर आधी त्याला दहावीचे टक्के विचारले.

नातीला राज्याची परीक्षा आहे म्हटल्यावर स्वारी खूश. परीक्षेचं नाव एमकॅस. १९९३च्या कायद्यातून निघालेली, आणि २००३च्या तुकडीपासून ती पास झाल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा मिळत नव्हता. “म्हणजे बोर्डच की!” नाना म्हणाले, आणि चौकशीला लागले.

“पेपर किती तासांचा?”

“वेळेचं बंधन नाही आजोबा. शाळा सुटेपर्यंत सोडवत बसायचं.”

“मग शेवटची दहा मिनिटं राहिल्याची घंटा कधी देतात?”

घंटाच नाही! नाना खुर्चीत बसले. गणिताला सूत्रांचा छापील कागद राज्यच देतं, हे कळल्यावर उठून उभे राहिले. ज्या माणसानं मुलांच्या मोज्यांतून सूत्रं काढली, त्याला ही शासनमान्य कॉपी कशी सोसावी? गुण ४४० पासून ५६० पर्यंत. “शून्य नाही? मग पोराला आपण नापास झाल्याचं कळणार कसं?” (प्रश्न तसा बिनतोड होता.)

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या लोकांनी चक्क मतदान करून डिप्लोमासाठीची ही अटच काढून टाकली. परीक्षेचं काय करायचं ते मतदारांना विचारतात, हे ऐकून नाना दोन दिवस जेवले नाहीत. असं घरचे सांगतात. चिवडा धरलेला नाही. बाजूनं सुमारे ५९ टक्के मतं पडली, एवढाच नानांना दिलासा. “बघ, एका टक्क्यानं फर्स्ट क्लास हुकला!”

परीक्षा मात्र राहिली. हायस्कूलमध्ये एकदा तरी इंग्रजी, गणित आणि विज्ञानाची चाचणी घ्यायचीच, असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा आहे. तो कळल्यावर नानांनी वॉशिंग्टनच्या दिशेनं हात जोडले.

नातीचा गणिताचा पेपर मे महिन्यात होता. आदल्या रात्री नानांनी तिच्या दप्तरात पुरवण्या बांधायला पाच पांढरे दोरे घातले, टोकांना पीळ देऊन.

परीक्षा संगणकावर असते.