गुर्जींचा पट

चांदूर बाजारातल्या आमच्या गल्लीत सकाळी सहाला दूधवाला येतो आणि सव्वासहाला गुर्जींचं बीपी. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी हजेरी घेतल्याबिगर त्यांचा दिवस उजाडत नाही. पुण्याच्या मुलानं ब्ल्यूटूथचं मशीन पाठवलं. दंडाला पट्टा बांधला की आकडा मोबाइलवर, मोबाइलवरून थेट पुण्यात. मशीन दोनच माणसं ओळखतं. पहिले गुर्जी, दुसऱ्या त्यांच्या बाई.

आणि ओट्यावर बसते अख्खी गल्ली. फळगळीनं संत्र्याची बाग झोपलेला शेतकरी, सुनेशी भांडून आलेली आत्या, साऱ्यांचं रक्त गुर्जींच्या खात्यात जमा. सव्वासहाला 110, साडेसहाला 180!

पुण्याहून फोन. "बाबा, रात्री ठेचा खाल्ला का?"

"मी नाही खाल्ला बे. संत्र्याचा भाव पडला."

डिजिटल आरोग्याची सरकारी मोहीम 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झाली. गुर्जींनी तिचं आभा कार्ड काढून लग्नाच्या फोटोशेजारी टांगलं. चौदा आकडे पाढ्यासारखे पाठ. "संमती देल्याबिगर तुई फाइल कोनी पाहू शकत नाही. मुदत घाल, नाही पटलं तं वापस घे," हा धडा ओट्यावर रोज होतो. दवाखान्यांच्या कॉम्प्युटरांनी आपसात बोलायची जी रीत या मोहिमेत ठरली, तिला 'फायर' म्हणतात, असं मुलानं सांगितलं. "बोलाच्या आंधीच आग?" गुर्जी म्हणाले.

परवा त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांचा कॉम्प्युटर गुर्जींच्या मोबाइलशी बोलेना, म्हणून डॉक्टरांनी मोबाइलच हातात घेतला.

"गुर्जी, हे बीपी आहे का चिखलदऱ्याचा घाट?"

गुर्जींनी पिशवीतून जुना हजेरीपट काढला. नाव, वेळ, वरचं, खालचं, शेरा. 'चहा पिऊन आला, अर्ध्या तासानं पुन्हा घेणे.' 'रडत होती, उद्या.' 'गैरहजर, सोयरिकीला गेला.' डॉक्टर पानामागून पान वाचत राहिले. एवढा स्वच्छ हिशेब त्यांच्या कॉम्प्युटरातही नसावा. अमरावतीच्या हृदयवाल्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर धाडू म्हणून त्यांनी फोटोसाठी मोबाइल धरला.

गुर्जींनी पटावर पंजा ठेवला. "माह्याच ओळीचा काढा. बाकीच्यायले इचारा लागन."

एका पंज्याखाली आठ नावं मावेनात, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पानावर ठेवली.