साहेब, तुम्ही उभे राहाच! निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांसाठी निवडणुकीची पहिली इयत्ता

सर्वप्रथम हार्दिक अभिनंदन. वयाची ५८ पूर्ण झाली, शाल-श्रीफळ मिळालं आणि निरोपाच्या भाषणांत तिघांनी सांगितलं, "साहेबांचं खरं काम तर आता सुरू होणार." हे प्रत्येक निरोप समारंभात म्हणतात. तुमचा ड्रायव्हर निवृत्त झाला तेव्हा तुम्ही स्वतःच हे म्हणाला होतात. पण तुम्ही ते मनावर घेतलंत आणि आता तुम्हाला नाशकातून, महापालिकेपासून सुरुवात करून, निवडणूक लढवायची आहे.

गाव उत्तम निवडलंत. त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षकाला कवायत, कायदा, नेमबाजी, पंचनामा, सगळं शिकवतात. मत मागायचं कसं, एवढं मात्र शिकवत नाहीत. ती उणीव खालील सूचनांनी भरून निघेल. क्रम पाळा. मध्येच पायरी गाळलीत तर चुकून निवडून याल.

१. आधी नोकरी सुटली आहे याची खात्री करा.

वयोमानाने निवृत्त झालेल्यांनी ही पायरी सोडावी. घाई झालेल्यांनी धुळ्याचं उदाहरण पाहावं. नावाला धुळे, पण या लोकसभा मतदारसंघात मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे आपल्याच जिल्ह्यातले तीन विधानसभा मतदारसंघ येतात. आयपीएस अधिकारी अब्दुर रहमान यांनी २०१९ साली नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ नोकरी सोडत असल्याचं जाहीर केलं. २०२४ ला वंचित बहुजन आघाडीने त्यांना धुळ्यातून उभं केलं, तेव्हा सरकारदरबारी त्यांचा राजीनामा मंजूरच नव्हता. अर्ज बाद. त्याच निवडणुकीत बंगालमध्ये वीरभूमला देवाशिष धर या माजी अधिकाऱ्याचा अर्ज 'नो ड्यूज'चा दाखला नाही म्हणून बाद झाला. तेव्हा सरकारी क्वार्टरचं वीजबिल आणि पाणीपट्टी आजच भरून टाका. मतदारांनी पाडण्याआधीच बाबूने पाडलं, तर पराभवाचा आनंद पुरता मिळत नाही.

२. जनाधार मोजा.

सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारा आणि "नमस्कार साहेब" म्हणणाऱ्यांची मोजणी करा. आलेल्या आकड्याला घरातल्या माणसांनी गुणा, शेजाऱ्यांनी गुणा. ही मंडळी महात्मानगर, तिडके कॉलनी आणि गंगापूर रोडवरून फिरायला येतात आणि तुमचं नाव सिडकोच्या मतदार यादीत आहे, या बारीकसारीक गोष्टींनी खचून जाऊ नका.

३. तिकिटाच्या रांगेत उभे राहा.

कोणत्याही पक्षात जा, उपरणं मिळेल. फोटो निघेल. "तुमच्यासारख्या स्वच्छ माणसांची पक्षाला गरज आहे" हेही ऐकायला मिळेल. तुमची उभी हयात ज्येष्ठता यादीत गेली, त्यामुळे तिकीटही ज्येष्ठतेनेच मिळतं असं तुम्हाला वाटणार. वाटू द्या.

एबी फॉर्म रांगेतून येत नाही. २०२४ च्या विधानसभेला देवळाली आणि दिंडोरीचे एबी फॉर्म शिंदे यांच्या शिवसेनेने शेवटच्या दिवशी हवाई मार्गाने नाशकात धाडले होते. महापालिकेला, ३० डिसेंबर २०२५ रोजी, भाजपचे इच्छुक एबी फॉर्मच्या मागे गाड्या घेऊन शहराबाहेरच्या फार्महाऊसपर्यंत गेले आणि तिथे गेटवरच रणकंदन झालं. त्या दिवशी तुम्ही कुठे असाल? पक्ष कार्यालयात, इस्त्रीच्या सफारीत, मांडीवर फाईल ठेवून बसलेले. फाईलमध्ये राष्ट्रपती पदकाची झेरॉक्स, साक्षांकित. चहा दोनदा येईल. तिसऱ्यांदा चहावाला विचारेल, "साहेब, तुम्ही बंदोबस्ताला आलात का?"

४. मग अपक्ष लढा.

विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहा माणसं तुम्ही सहज गोळा कराल, आयुष्यभर पंच गोळा केलेले आहेत. फक्त या वेळी त्यांना चहाही पाजावा लागेल.

चिन्ह म्हणून तुम्ही शिट्टी मागणार, हे आम्हाला आधीच ठाऊक आहे. मिळेल फुलकोबी. नाराज होऊ नका. चिन्हात केवढी ताकद असते हे दिंडोरीने २०२४ च्या लोकसभेला दाखवून दिलं. तिथे राष्ट्रवादी शरद पवार गटाचे भास्कर भगरे 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर बाबू भगरे नावाचे अपक्ष, चिन्ह नुसती 'तुतारी'. त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मतं पडली. सभा नाही, पदक नाही, तीस वर्षांची निष्कलंक सेवा नाही. आडनाव आणि वाद्य, बस्स. तुम्ही मात्र "आमचं काम बोलेल" म्हणत फुलकोबीचे फ्लेक्स छापा.

५. भाषण. ही पायरी नीट वाचा, पराभवाचा पाया इथेच घातला जातो.

एकच वाक्य पाठ करा: "इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकाही पुढाऱ्याचा फोन ऐकला नाही!"

ज्येष्ठ नागरिक संघात टाळ्यांचा कडकडाट होईल. आता हेच वाक्य सिडकोतल्या किंवा सातपूरच्या चौकसभेत म्हणा. पहिल्या रांगेत एक बाई बसली आहे. तिचा मुलगा परवा रात्री ट्रिपल सीट सापडला आणि गाडी चौकीला लागली. तिने कोणाला फोन केला? नगरसेवकाला. नगरसेवकाने कोणाला? ठाण्याला. अकरा वाजता पोरगं घरी. नगरसेवक म्हणजे नळ, गटार, पथदिवा आणि हा फोन, आणि या चारांत फोन सगळ्यांत मोठा. पाणी एक दिवस उशिरा आलं तर भागतं, पोरगं त्याच रात्री घरी यावं लागतं. अशा बाईला तुम्ही माईकवरून छातीठोकपणे सांगताय की तसला फोन आला की मी तो आपटत होतो.

तुमचं काही चुकलं नाही, साहेब. तीही टाळ्या वाजवते आहे. पुढचा ठाणेदार तुमच्यासारखाच असावा असं तिला मनापासून वाटतं. नगरसेवक मात्र तिला असा हवा आहे, ज्याचा फोन तुमच्यासारखा ठाणेदारसुद्धा उचलेल. एवढं साधं गणित आहे, पण ते कळायला युनिफॉर्म काढून निदान वर्षभर रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. आचारसंहिता लागली.

६. दारोदार जा.

नाशिक महापालिकेत १२२ जागा आणि ३१ प्रभाग. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक, म्हणजे मतदाराने चार बटणं दाबायची. पक्षवाले चौघांचं पॅनेल करून फिरतात. तुम्ही एकटेच फिरणार आणि "तीन बटणं कोणालाही दाबा, चौथं मला" असं समजावणार. समजावता समजावता जुनी सवय उफाळून येईल. दार उघडताच तुमचा पहिला प्रश्न:

"घरात किती जण राहता?"

"पाच."

"स्वतःचं की भाड्याचं? भाडेकरार ठाण्यात जमा केलाय?"

मावशी आतल्या खोलीकडे बघतात. आतून कोणीतरी टीव्हीचा आवाज बारीक करतं.

"साहेब, आमचा मुलगा तसा नाही हो. ती पोरं त्याला घेऊन गेली होती."

तुमच्या हातात पत्रक आहे हे तुम्ही विसरलात आणि त्या समन्स समजल्या. पत्रकावर सही मागू नका. मागच्या गल्लीत तुम्ही मागितली होती म्हणे.

पंचवटीत गेलात तर २०१५ च्या सिंहस्थाचा विषय निघणारच. त्या वेळच्या बंदोबस्ताचा तुम्हाला रास्त अभिमान आहे. पहिल्या शाही पर्वणीला बॅरिकेड इतके चोख लागले होते की बाहेरून येणारा भाविक आत आला नाही आणि आतला नाशिककर बाहेर पडला नाही. तुमच्या अल्बममध्ये त्या दिवसाचे फोटो आहेत. समोरच्या दुकानदाराकडे त्या दिवसाचा गल्ला आहे, रिकामा. अल्बम घरीच ठेवा.

आणि 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' यावर फार विसंबू नका. २०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी भल्याभल्यांकडून हे वाक्य कॅमेऱ्यासमोर वदवून घेतलं आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते रील मिटक्या मारत पाहिलं. त्यावरून पोलिसांची लाट आली असा गोपनीय अहवाल तुम्ही स्वतःलाच सादर केलात. रील पाहणाऱ्यात निम्मे सांगली-साताऱ्याचे होते. त्यांना तुमच्या प्रभागात मत नाही.

७. थोरांची चरित्रं वाचा.

सुरेश खोपडे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ ला शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलिसी कामाचा याहून मोठा दाखला महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. २०१४ ला ते आम आदमी पक्षातर्फे बारामतीत सुप्रिया सुळे यांच्यासमोर उभे राहिले आणि अनामतही गेली. दंगल रोखता येते, बारामती रोखता येत नाही.

प्रदीप शर्मा. चकमकफेम. २०१९ ला नोकरी सोडून शिवसेनेतर्फे नालासोपाऱ्यात उतरले आणि क्षितिज ठाकूर यांच्याकडून चाळीस हजारांहून जास्त मतांनी हरले. पिस्तूल चालवणं एक, बूथ चालवणं दुसरं. ठाकूरांच्या घरात दुसरी विद्या पिढीजात आहे.

शिवदीप लांडे. आपले अकोल्याचे, बिहारमध्ये गाजलेले 'सिंघम'. सासरे विजय शिवतारे मंत्री राहिलेले, म्हणजे घरातच शिकवणीची सोय. २०२५ च्या बिहार विधानसभेला जमालपूर आणि अररिया, दोन्हीकडून अपक्ष लढले, दोन्हीकडे पडले. हौशी उमेदवाराला एका मोसमात एवढी मजल मारणं अवघड आहे.

दिल्लीच्या किरण बेदी तर २०१५ ला थेट मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवार होत्या. भाजपने हक्काचं कृष्णानगर दिलं आणि त्या २,२७७ मतांनी पडल्या.

"पण सत्यपाल सिंह?" असं कोणीतरी विचारेलच. बरोबर, ते मुंबईचं पोलीस आयुक्तपद सोडून गेले आणि २०१४ ला अजित सिंहांना हरवून खासदार झाले. मात्र त्यासाठी त्यांना उत्तर प्रदेशातल्या बागपतला, आपल्या मुलखात जावं लागलं. तुमचा मुलूख हाच आहे, तुम्हाला पळायलाही जागा नाही.

८. मतदानाची आदली रात्र.

मागच्या गल्लीत पाकिटं वाटली जात आहेत अशी पक्की खबर तुम्हाला मिळेल. खबरी जुनाच आहे, खबर खोटी नसते. ताबडतोब फोन लावा. पलीकडून एक तरुण आवाज, अत्यंत अदबीने: "साहेब, पथक रवाना केलंय."

या चार शब्दांचा अर्थ या शहरात तुमच्याइतका कोणालाच ठाऊक नाही. फोन ठेवा, दूध प्या, झोपा.

९. निकाल.

पोलीस वसाहतीच्या बूथवर तुमची मदार आहे. खात्याची माणसं, आपली माणसं. तो आकडा ऐकताना जवळ खुर्ची असू द्या. त्या वसाहतीत एक हवालदार राहतो. त्याने मुलीच्या हळदीसाठी दोन दिवसांची रजा मागितली होती आणि तुम्ही अर्जावर लाल शाईने 'बंदोबस्तामुळे नामंजूर' लिहिलं होतं. तो अर्ज तुम्ही विसरलात. त्याने जपून ठेवला आहे. त्याच्या घरात सहा मतं आहेत, जिन्यात छत्तीस.

१०. आता विधानसभा.

महापालिकेत पडल्यावर माणसाने मागे हटू नये, वर चढावं. अनामत फक्त १०,००० रुपये आणि ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम यांपैकी कुठलाही मतदारसंघ घ्या. देवळाली राखीव आहे, ते पाहून घ्या. भाषण तेच चालेल, फ्लेक्सवरची फुलकोबी खरवडून नवं चिन्ह चिकटवा.

एक शेवटची कार्यालयीन बाब. विधानसभेच्या निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. तो केला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. ही तरतूद घरच्यांनी कुठेतरी वाचली आहे. २५ व्या दिवसापासून हिशेबाची वही सापडेनाशी होईल, प्रिंटरची शाई संपेल, नातवाला नेमका ताप येईल. सौ. म्हणतील, "राहू द्या की, एवढी काय घाई आहे?"

पण तुम्ही मुरलेले अधिकारी. २९ व्या दिवशी सकाळी दहाला तुम्ही निवडणूक कार्यालयाच्या दारात हजर असाल. हिशेब तीन प्रतींत, प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही, मंडपवाल्याची पावती स्वतंत्र पाकिटात. कारकून म्हणेल, ठेवून जा. तुम्ही ठेवून जाणार नाही. तुम्ही शिक्क्यासह पोच घ्याल.