गेल्या आठवड्यात यायला हवं होतं

आमच्या नानांबरोबर पानं बघायला जाऊ नये. बॉस्टनहून दोन-सव्वादोन तास गाडी हाकत तुम्ही न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात पोचता, समोरचा अख्खा उतार शेंदरी झालेला असतो, तोंडून ‘अहाहा’ निघणार एवढ्यात मागून आवाज येतो, “छे! गेल्या आठवड्यात यायला हवं होतं.”

तुमच्या महाराष्ट्र मंडळातही एक नाना असणारच. गणपती बोळवले की आमच्या नानांच्या फ्रिजवर कालनिर्णयशेजारी पानांच्या रंगांचा नकाशा लागतो आणि तोंडी एकच शब्द राहतो : पीक. ‘लिंकनला पीक आलं’, ‘कॉनवेचं पीक अजून चार दिवस लांब’. मागे आई इथं आली होती, तेव्हा स्पीकरवर नाना कळवळून म्हणाले, “रात्रीच्या वाऱ्यानं सगळं पीक गेलं रे!” आई हळहळली. “अगंबाई! विमा तरी उतरवला होता का?”

चुकलेल्या मुहूर्तांचा नानांना सोसच आहे. फ्रँकोनिया नॉचच्या कड्यावर ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ नावाचा दगडी चेहरा होता. मे २००३ मध्ये तो कोसळला. त्या रिकाम्या कड्याकडे बोट करून नाना मला म्हणाले, “२००२ साली यायला हवं होतंस.” २००२ साली मी नागपुरात नववीत होतो. पण हे नानांना सांगून उपयोग नाही, ते माझ्या आईवडिलांची चूक काढतील.

शास्त्रही ऐकावं लागतं. पिवळा रंग म्हणे पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली दडलेला. हिरवा ओसरला की तो दिसतो. मेपलचा लाल मात्र ऐन वेळी तयार होतो. त्याला दिवसा लख्ख ऊन लागतं, रात्री थंडी लागते, पण गोठवणारी चालत नाही. “म्हणजे तुमच्या काकूसारखं,” असं म्हणून नाना एकटेच हसतात.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारच्या सुटीला आम्ही कँकामॉगस हायवेवर अडकलो. लिंकन ते कॉनवे, चौतीस-पस्तीस मैल, वाटेत पेट्रोलपंप एकही नाही, आणि त्या दिवशी मुंगीच्या चालीनं सरकणारी गाड्यांची रांग. नाना खाली उतरून पानं वेचायला लागले. देठ धरून उन्हात धरायचं, उलटून बघायचं, टाकून द्यायचं. काकूंनी दशम्यांचा डबा उघडला आणि माझ्या हातावर शेंगदाण्याची चटणी ठेवत सहज म्हणाल्या, “आम्ही साताऱ्याचे. कास पंचवीस किलोमीटरवर. पण फुलं सप्टेंबरात, आणि मुलांच्या शाळा इथं तेव्हाच सुरू व्हायच्या. आम्ही आपले दरवेळी डिसेंबरात. वर बघावं तर नुसतं वाळकं गवत आणि जांभा. तिथला राखणदार यांना म्हणाला, ‘काका, सप्टेंबरात यायला पायजे होतं.’”

“मग नाना काय म्हणाले?”

“काय म्हणणार? एक वाळका तुरा उचलला आणि त्याला विचारलं, हा तेरडा की सोनकी? गाडीत ठेवला होता साताऱ्यापर्यंत.”

आता नाना निवृत्त आहेत, मुलं नोकरीला लागली. सप्टेंबरात खुशाल जावं की साताऱ्याला! पण नाहीत जात. सप्टेंबर अखेरीला वरच्या डोंगरांत पीक यायला लागतं ना, इथं लक्ष कोण ठेवणार?

गेल्या ऑक्टोबरात एका बुधवारी सकाळी सहाला फोन आला. “ऑफिस गेलं खड्ड्यात. आज निघायचं.” निघालो. शुगर हिलच्या थांब्यावर उतरलो तर दरी पेटल्यासारखी लाल, मधूनमधून बर्चचा पिवळा, वारा नाही, ढग नाही. चूक काढायला जागाच नव्हती. नाना कठड्याला धरून पाच मिनिटं गप्प. पाच मिनिटं! मला तर काळजीच वाटायला लागली. मग त्यांनी घसा खाकरला.

“काल संध्याकाळी—”

काकूंनी त्यांच्या तोंडात दशमी कोंबली.