फेजवाले काका

हैदराबादेत मराठी मंडळाचा गणपती बसायचा म्हणजे वर्गणी मागणारा लागतो, आरतीला टिपेचा सूर लावणारा लागतो आणि वायर जोडणारा लागतो. पहिले दोघे दर वर्षी बदलतात. वायरवाला तहहयात.

मलकपेठेतला हा इसम सत्तरीचा, ईसीआयएलमधून रिटायर झालेला. १९६७ साली निघालेली ही सरकारी कंपनी. तिचे ईसी टीव्ही ज्या ज्या घरात होते, त्यांतले निम्मे आपण उघडलेत, असं काका सांगतात. त्यांच्याकडे ऑल्विनचा बंद पडलेला फ्रिज अजून उभा आहे. भाजीच्या कप्प्यात ट्रान्सफॉर्मर, अंड्यांच्या खळग्यांत कपॅसिटर, बर्फाच्या ट्रेमध्ये स्क्रू. काकू त्या फ्रिजला हात लावत नाहीत.

यंदा मंडळाचा कॅसिओ (आहे यामाहाचा) मुका झाला. दोष त्याच्यात नव्हता, जुन्या रोलंड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होता. कुणीतरी साफसफाईच्या उत्साहात मागची फळी काढून दोन्ही स्पीकरच्या तारा उपसल्या होत्या. चारही तारा एकाच रंगाच्या, म्हणजे धुळीच्या.

"कौन खोला इसको?" काका गरजले. चिडले की ते मराठी सोडून दख्खनीत शिरतात. आपल्या आधी हात लावणारा मूर्ख, ही रिपेअरवाल्यांची श्रद्धाच असते. आधीचा माणूस पुष्कळदा तेच असतात, हे त्यांना सांगणार कोण?

प्लग काढून त्यांनी स्वतःच्या मांडीखाली घेतला. कुणावर विश्वास नाही. मग टॉर्च धरायला एक पोरगा पकडला.

"उजेड हातावर नको, कामावर पाड."

"काका, हात कामावरच आहे ना."

"नक्को बोलू."

जन्म मलकपेठच्या रेसकोर्सशेजारी काढून काकांनी घोड्यावर कधी रुपया लावला नाही. तारेवरही लावत नाहीत. खिशातून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढला आणि स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. टक् झालं, कागदी कोन बाहेर आला. "बाहेर आला ना? मग सेलचा प्लस जिथं टेकला तो स्पीकरचा प्लस." तिथं त्यांनी नातीचं लाल नेलपॉलिश लावलं. दुसऱ्याला सेल टेकवला तर कोन आत गेला, म्हणून खूण पलीकडच्या टोकाला. खुणा न करता, एक सुलटा नि एक उलटा जोडला असता, तर एक स्पीकर हवा पुढं ढकलणार, तेव्हाच दुसरा मागं ओढणार. दोघेही वाजणार आणि खर्ज गायब.

"आमच्या सोसायटीची कमिटी," काका म्हणाले.

मग ओहमचा हिशेब. "आठाचे दोन आहेत. समांतर जोडले की चार, ओळीनं जोडले की सोळा."

"आठ नि आठ चार!" काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "तरीच पेन्शन पुरत नाही."

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर चार ओहम छापलेले, म्हणजे समांतर. त्याहून कमी दिले की ट्रान्झिस्टर भाजून निघतात. मीटर लावला तर तीनच्या किंचित वर. पोरगा हादरला. काका खूश झाले, कारण आता समजावून सांगता येणार होतं: मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो, छापलेला आकडा त्याहून थोडा जास्तच असतो. हे ते पंधरा मिनिटं सांगत होते. चहा निवला.

तारांच्या टोकांना लावायचे दोन लग गंजलेले निघाले. चादरघाटचा पूल ओलांडला की कोठी, तिथं गुजराती गल्लीत ते चिल्लरीत मिळतात. काका दोन तासांनी परतले. पिशवीत सोल्डरचं रीळ, एक ट्वीटर, कशाचं तरी नॉब. लग राहिलेच. मग तारा सरळ टोकांवर गुंडाळून सोल्डर मारलं, आणि हेच कसं जास्त टिकतं यावर आणखी दहा मिनिटं.

फळी बसली, मांडीखालचा प्लग सुटला. कॅसिओवर एका पोरीनं आरतीची चाल धरली आणि खर्ज असा घुमला की समईची ज्योत हलली. टाळ्या पडल्या. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. चाल थांबल्यावर त्यांनी जाळीला कान लावला.

"भुणभुण आहे. पन्नास हर्ट्झ. अर्थिंग बघायला हवं."

नजर हॉलभर फिरून स्विचबोर्डावर थांबली. स्क्रूड्रायव्हर खिशातून बाहेर आला.

"अरे, कुणीतरी मेन स्विच बंद करा!" काकू आतून ओरडल्या. "हे निघाले!"