गाडी बाहेर, माणूस आत

निगडी प्राधिकरणातल्या कुठल्याही गल्लीतून रविवारी सकाळी चालत निघालात, तर एक बंगला असा लागतोच, ज्याची मोटार रस्त्यावर गुलमोहराखाली पक्ष्यांच्या मर्जीवर उभी आहे आणि गॅरेजच्या अर्धवट उघड्या शटरखालून दोन पाय दिसताहेत. पायांत कंपनीतून आणलेले सेफ्टी शूज, त्यावर बर्म्युडा. आतून ड्रिलचा आवाज येतो, थांबतो आणि मग ‘च्‌’ असा एक बारीक आवाज येतो. ड्रिल भिंतीत बरोबर सळईवरच जाऊन बसलं की माणसाच्या तोंडून निघतो तो आवाज. असे पाय दिसले की समजावं, या माणसाने पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या टूलरूममध्ये काढली आणि आता स्वतःची उभारतोय. माझ्या पाहण्यात असे निदान पाच जण आहेत. त्यांतले एक माझे साडू निघाले, त्यामुळे बाकी चौघांची अब्रू वाचली.

साडू माणसाला निवडता येत नाही. तो लग्नाच्या सामानाबरोबर येतो. माझे साडू तर स्पॅनर-सेटसकट आले. निवृत्तीच्या समारंभातली शाल अजून खांद्यावर होती तेव्हाच त्यांनी जाहीर केलं, “उद्यापासून गाडी बाहेर.” ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीला, आधी वाटलं गाडी बाहेर म्हणजे महाबळेश्वर वगैरे.

“लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली,” हे वाक्य साडू प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. “आणि 1910 ला कुंडलच्या माळावर अख्खी किर्लोस्करवाडी उभी केली. माझ्याकडे तर तयार स्लॅब आहे.” पुढे लोखंडी नांगराचं काय झालं वगैरे ऐकायला पाहुणा सरसावून बसलेला असतो, पण गोष्ट किर्लोस्करवाडीहून थेट साडूंच्या गॅरेजात शिरते आणि तिथून दीड तास बाहेर पडत नाही.

गॅरेज दहा बाय सोळा. त्यात काम करायचं तर आधी टेबल हवं. टेबल करायचं तर लाकूड पकडायला वाइस हवा. आणि वाइस बसवायचा तर आधी टेबल हवं. हा पेच साडूंनी बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जाऊन सोडवला, असं ते म्हणतात. तिथून त्यांनी बावीस किलोचा एक वाइस आणला आणि तो बसवण्यासाठी फळ्या ठोकून एक ‘तात्पुरतं’ टेबल केलं. त्या टेबलावर मग खरं टेबल तयार झालं. पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळईचं, वरचा पृष्ठभाग असा की त्यात तोंड दिसावं. त्याला चरा पडेल म्हणून साडूंनी त्यावर प्लास्टिक अंथरलंय, प्लास्टिकवर चादर, आणि चादरीवर कुणी काही ठेवलं की ते ओरडतात. सगळी कामं अजून तात्पुरत्या टेबलावरच चालतात. ते डुगडुगतं.

भिंतीवर प्लायवूडचा मोठा बोर्ड आहे. त्यावर एकेका हत्याराची काळ्या रंगाने बाह्यरेषा काढलीय, म्हणजे कुठलं हत्यार जागेवर नाही ते लांबूनच कळावं. टूलरूमची शिस्त. पाना, कानस, पटाशी, गुण्या, प्रत्येकाची आपापली सावली. यातल्या एका सावलीचा आकार मला ओळखू येईना. लांब दोन दांड्या, पुढे चोच. “ती पक्कड,” साडू म्हणाले. मी पाहतच राहिलो, कारण ती गॅसवरून पातेलं उतरवायची पक्कड होती. बोर्ड रंगवला त्या दिवशी “पक्कड दे गं” अशी हाक ऐकून ताईंनी आपली पक्कड आणून दिली होती आणि ती आपली नाही, हे साडूंच्या लक्षात आलं तोवर रंग वाळला होता. शिस्त ती शिस्त. आता रात्री दहाला स्वयंपाकघर आवरलं की ती पक्कड गॅरेजमध्ये जाऊन आपल्या सावलीवर झोपते आणि सकाळच्या चहाला परत येते.

पण साडूंचा खरा जीव वायरिंगमध्ये. लाकूडकाम सुतारही करतो, वायरिंगमध्ये मात्र ‘थिअरी’ असते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ते सलग सहा शनिवार गेले. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच, मोठ्या मशीनला चार, हे त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं. त्यासाठी दूधवाल्याचं कार्ड हटवलं. काउंटरवरचा जुना दुकानदार आपल्या सवयीने “तीन-बावीस देऊ का सात-वीस?” म्हणाला, तेव्हा साडूंनी त्याला तारेचा व्यास, वर्ग आणि पाय घेऊन तीन-बावीसचं क्षेत्रफळ काढून दाखवलं. ते एक पूर्णांक एकोणीस शतांश आलं. मागे आठ गिऱ्हाइकं उभी होती.

एमसीबीवर तर त्यांचं स्वतंत्र कीर्तन आहे. मोटर चालू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. ‘बी’ जातीची एमसीबी तीन ते पाच पटीतच पडते, ‘सी’ जातीची पाच ते दहा पटीपर्यंत तग धरते. म्हणून वर्कशॉपला ‘सी’. हे ते इतक्या वेळा सांगतात की आमच्या घरी सुनेची निवड करतानासुद्धा कुणीतरी “मुलगी सी आहे ना?” असं विचारलं होतं.

दिव्यांचंही तसंच. जुन्या चोकवाल्या ट्यूब त्यांनी काढून टाकल्या. का? तर आपली वीज पन्नास हर्ट्‌झची, म्हणजे तसली ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. तीन जबड्यांचा लेथचा चक मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरत असला, तर त्याचेही जबडे सेकंदाला बरोबर शंभरदाच एकाच जागी येतात. परिणामी फिरणारा चक डोळ्यांना थांबलेला दिसतो आणि माणूस त्यात हात घालतो. गोष्ट शंभर टक्के खरी आहे, ऐकताना माझ्या अंगावर काटाही आला. फक्त साडूंकडे लेथ नाही. “येईल ना,” ते म्हणाले, “म्हणून तर दिव्यांपासून तयारी.”

अर्थिंगचा खड्डा त्यांनी स्वतः खणला. त्यात पाइप, त्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, एकावर एक, बिर्याणीसारखे. जागा कंपाउंडच्या कोपऱ्यात, ताईंच्या अनंताच्या झाडापासून दोन हातांवर. खड्ड्याला ओल लागते, नाहीतर जमिनीचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात साडू रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओतत. मीठ त्या पाण्याबरोबर फिरायला निघालं. श्रावणात घमघमणारा अनंत जूनमध्येच वाळला. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाळलेली फांदी तोडून साडूंच्या सागवानी टेबलावर, चादरीच्या वर, ठेवली.

शेवटी चार भिंतींवर मिळून सोळा अँपिअरची अकरा सॉकेट झाली. आणि तरी, मी कधीही गेलो तरी, ड्रिलला एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला असतो आणि त्याची वायर पायांत येते. काम नेहमी बाराव्या जागी निघतं.

एवढं सगळं झाल्यावर एका संध्याकाळी सात वाजता त्यांनी गॅरेजची नवी एलईडी ट्यूब लावली आणि घर अंधारात गेलं.

घराची आरसीसीबी पडली होती. वर उचलली, घर उजळलं. ट्यूब लावली, पुन्हा गेलं. कधी घराची पडे, कधी गॅरेजची, कधी दोन्ही. असं चार दिवस चाललं. साडूंनी भिंतीतली पट्टी दोन ठिकाणी उकरली, ट्यूब बदलली, अर्थिंगच्या खड्ड्यात आणखी एक बादली ओतली. वायरमनला बोलवा, असं म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. तसं पाहिलं तर बल्ब, पंखा, बटण, फ्यूज बदलण्यापलीकडचं काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, हा नियम 1956 च्या इलेक्ट्रिसिटी रूल्समध्येही होता आणि आजही आहे. साडूंना तो पाठ आहे. तो इतरांसाठी आहे, असं त्यांचं वाचन आहे.

चौथ्या दिवशी मी आणि बायको जेवायला गेलो होतो. मेणबत्तीच्या उजेडात आमटी वाढली जात होती आणि साडू मला आरसीसीबी समजावत होते. “साधं आहे हो. ती फक्त हिशेब ठेवते. फेजमधून जेवढं गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं पाहिजे. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की ती पडते. म्हणजे कुठेतरी गळती आहे. माणसाच्या अंगातून जमिनीत, ओल्या भिंतीतून, कुठूनही.”

ताई सहकारी बँकेत अठ्ठावीस वर्षं कॅशियर होत्या. त्यांचा आमटीचा डाव हवेत थांबला.

“दोन्ही पडतात म्हणालात ना? घराची पण आणि गॅरेजची पण?”

“हो. तेच तर कोडं आहे.”

“आणि ट्यूब लावली तरच?”

“हो.”

“मग गळती कुठली आलीय? पैसे या काउंटरवरून दिलेत आणि भरणा त्या काउंटरला झालाय. याला कमी, त्याला जास्त. संध्याकाळी दोघेही बसतात डोकं धरून. स्लिपा बघा तुमच्या.” आणि डाव माझ्या वाटीत रिकामा झाला.

साडूंनी हात धुतला नाही. उष्ट्या हातात बॅटरी घेऊन ते शिडीवर चढले. जिन्याच्या दिव्याचा जंक्शन बॉक्स उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मी खाली शिडी धरून होतो. ट्यूबची फेज त्यांनी गॅरेजच्या नव्या बोर्डातून घेतली होती, पण न्यूट्रल घेतलं होतं जिन्याच्या या बॉक्समधून, कारण तो जवळ होता. वीस वॅटची ट्यूब, घेते नव्वद मिलिअँपिअरच्या आसपास. जात होते गॅरेजच्या खात्यातून आणि परत येत होते घराच्या खात्यात. जेमतेम चार मीटर वायर वाचली होती. शिडीच्या पायाशी नव्वद मीटरची आख्खी कॉइल पडली होती.

“सापडलं का?” आतून ताईंचा आवाज.

“लूज कनेक्शन होतं,” साडू म्हणाले, आणि मला बॅटरीचा झोत दुसरीकडे धरायला लावला.

पुढच्या आठवड्यात वायरमन आलाच. वाढीव लोडच्या अर्जाला टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर सही त्याचीच लागते. तेविशीचा पोरगा. त्याने बोर्ड उघडला, जगातल्या प्रत्येक कारागिराने दुसऱ्याच्या कामाकडे बघून विचारलेला प्रश्न विचारला, “कुणी केलंय हे?” त्या बंगल्याला पहिल्या विटेपासून साडूंशिवाय दुसरा मालक नाही. तरी ते म्हणाले, “आधीच्या मालकांनी.” पोरगा मेगर लावून अर्धा तास तपासत होता. मग झाकण बसवत म्हणाला, “नाही, काम चांगलंय. वायरी अशा सरळ आता कोण टाकतं?” साडूंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ताईंना हाक मारून त्याला चहाबरोबर चकल्या द्यायला सांगितलं. चकल्या दिवाळीच्या होत्या, मोजून ठेवलेल्या.

या चार वर्षांत वर्कशॉपमध्ये बनलेल्या वस्तू अशा: वर्कशॉपचं टेबल, वर्कशॉपचं दुसरं टेबल, वर्कशॉपचा हत्यारांचा बोर्ड, स्क्रू ठेवायचे छत्तीस कप्पे, आणि कप्प्यांवरची लेबलं नीट कापायला एक लाकडी साचा. बाहेरची ऑर्डर एकच, ताईंची. त्यांच्या पोळपाटाचा तिसरा पाय तुटलाय. पहिल्या वर्षीच तुटला. तेव्हापासून त्याच्याखाली वर्तमानपत्राची घडी असते आणि पोळ्या एका बाजूला जाड होतात. साडू म्हणतात, नंबर लावलाय.

यंदा खंडेनवमीला आम्ही सगळे तिकडे होतो. साडूंनी सोवळ्यात, म्हणजे धुतलेल्या बर्म्युडात, हत्यारं पुसून सागवानी टेबलावर मांडली. त्या दिवसापुरती चादर आणि प्लास्टिक दोन्ही काढलं होतं. ड्रिलला झेंडूची माळ, वाइसला हळदकुंकू, बोर्डातल्या अकराच्या अकरा सॉकेटना गंधाचे टिळे. कोरड्या गंधाचे, ओल्याने आरसीसीबी पडेल म्हणून. ताई आतून पोळपाट घेऊन आल्या. ड्रिल आणि ग्राइंडरच्या मधोमध ठेवला, त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

“याचीही करा पूजा,” त्या म्हणाल्या. “आज चांगला दिवस आहे.”

साडूंनी पोळपाट उचलला. उलटा केला. खिशातून व्हर्निअर काढलं आणि उरलेल्या दोन पायांची मापं घेतली. एकदा, दोनदा. मग ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत ती चमक होती, जी मी किर्लोस्करवाडीच्या वेळी पाहिली होती.

“कातीव आहेत हो पाय,” ते म्हणाले. “हे पटाशीचं काम नाही. याला लेथच पाहिजे.” आणि ताईंकडे वळून, “आज तसंही हत्यार चालवायचं नसतं. पण थ्री फेजचा अर्ज मी दसरा झाला की लगेच...”

ताईंनी पोळपाट त्यांच्या हातातून घेतला, टेबलावर साडूंनी हत्यारं पुसायला आणलेला पेपर होता त्याचं कोरडं पान काढलं, चौघडी केली आणि पोळ्या करायला आत गेल्या. जाताना बोर्डावरची पक्कडही काढून घेतली.